वडिलांच्या कॉम्प्युटरमधल्या ओव्या

वाचकांचे प्रश्न : जुनी यंत्रं, जुन्या फायली

प्रश्न : ताई, माझे वडील सोलापुरात साखर पेठेत छोटा छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गड्ड्याच्या यात्रेतल्या दुकानांची हँडबिलं अशी कामं असायची. १९९७ मध्ये त्यांनी पेंटियम कॉम्प्युटर घेतला. दिवसा गिऱ्हाइकांचं काम, आणि रात्री शटर ओढल्यावर ते माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत बसायचे. आजी सांगायची, वडील वहीत उतरवायचे, मग कॉम्प्युटरवर घ्यायचे. तीनशेच्या वर झाल्या होत्या. पुढे वही एका पावसाळ्यात भिजून लगदा झाली. आजी कधीच गेली, वडील गेल्या वर्षी गेले. आता घर विकायला काढलंय, तेव्हा माळ्यावर तो कॉम्प्युटर सापडला. २००४ नंतर कुणी लावलेला नव्हता. भावाने लावून पाहिला. पंखा फिरला, आतून गुंई असा आवाज चढत गेला, पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' अशी इंग्रजी ओळ आली आणि 'सिस्टिम डिस्क घाला' म्हणून थांबला. दुकानात नेला तर ते म्हणाले, "डिस्क दिसत नाही, फॉरमॅट मारून बघू." मी तसाच परत आणला. डिस्कवरच्या लेबलचा फोटो सोबत पाठवतेय. ओव्या मिळतील का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तसाच परत आणलात, फार बरं केलंत. पत्रातली ती ओळ वाचली आणि जीव भांड्यात पडला. आता एक करा, तो कॉम्प्युटर पुन्हा लावू नका. भावालाही सांगा, "एकदा बघू तरी" म्हणूनसुद्धा नको.

तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून डिस्क गेलेली वाटत नाही. मदरबोर्डवर नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं आणि आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे हे लक्षात ठेवणं, ही कामं तिच्या जोरावर चालतात. वीस वर्षांत ती संपली. यंत्र डिस्क विसरलं, एवढंच झालं असावं. 'चेकसम एरर' म्हणजे लक्षात ठेवलेल्या त्या नोंदी बिघडल्या. त्याचा ओव्यांशी काही संबंध नाही. गुंई आवाज चढत गेला म्हणजे डिस्कची मोटर फिरली, अडकली नाही. टक... टक... असा ठोका ऐकू आला असता तर मी काळजीत पडले असते. नव्या बॅटरीने आणि सेटिंगमधल्या 'ऑटो डिटेक्ट'ने ती डिस्क दिसायलाही लागेल. तरी मी म्हणते, त्या वाटेने जाऊ नका.

कारण सांगते. डिस्क सुरू झाली की पाठोपाठ विंडोज ९५ सुरू होईल, आणि विंडोज सुरू झालं की ते लिहायला लागतं. स्वतःची स्वॅप फाइल, रजिस्ट्री, तात्पुरत्या फायली, सगळं त्याच डिस्कवर. वडिलांनी चुकून पुसलेली एखादी ओवीची फाइल अजून तिथे असेल, तर नेमकी त्याच जागेवर ही लिखापढी होऊ शकते. शिवाय आधी नीट बंद झालेला नसेल तर डिस्क तपासणारं विंडोजचं स्कॅनडिस्क समोर येतं आणि 'चूक दुरुस्त करू का' म्हणून विचारतं.

त्या प्रश्नाला मी एकदा 'हो' म्हटलं होतं. २००१ साल. डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवण्याचं, काम सोडून मी दुरुस्तीकडे वळले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका निवृत्त शिक्षकांचा कॉम्प्युटर आला. त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहून काढला होता. निळा पडदा आला, मी 'हो', 'हो' दाबत गेले, आणि संपलं तेव्हा त्यांचं फोल्डर नाहीसं झालं होतं. त्या जागी सीएचके शेपटाच्या, 'फाइल' आणि पुढे नुसते आकडे अशा नावांच्या शंभरावर फायली होत्या. मजकूर होता, पण नाव नाही, क्रम नाही, कुठे परिच्छेदाचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर. महिनाभर संध्याकाळी बसून आम्ही दोघांनी जमेल तेवढं जुळवलं. काही पानं जुळलीच नाहीत. सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला ते विसरता येत नाही. तेव्हापासून माझा एकच नियम आहे. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी तिची पूर्ण नक्कल करायची, आणि जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर.

ही नक्कल म्हणजे फायली कॉपी करणं नव्हे. डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरच्या जागेचा छोटा तुकडा) शेवटच्या सेक्टरपर्यंत, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायचं. तिला इमेज म्हणतात. तुमच्या लेबलवर ४०९२ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर असं छापलंय, ही डिस्कवरच्या जागेची मापं. त्यांचा गुणाकार करा आणि प्रत्येक सेक्टरचे ५१२ बाइट धरा : २१११८६४८३२ बाइट, म्हणजे २.१ जीबी. त्या काळी ही केवढी मोठी डिस्क वाटायची! आज तुमच्या मोबाइलमधल्या लग्नाच्या एका व्हिडिओत तेवढी जागा जाते. डिस्क धडधाकट असेल तर अख्खी नक्कल अर्ध्या तासाच्या आत होईल.

आता डिस्क काढण्याबद्दल. माळा पत्र्याखाली असेल तर कॉम्प्युटरने वीस उन्हाळे तिथे काढलेत, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको. जुना पॉवर सप्लाय त्यात सगळ्यात आधी म्हातारा होतो, त्यातले कपॅसिटर सुकतात, फुगतात. भावाने लावला तेव्हा काही जळलं नाही हे नशीब. म्हणून डिस्क बाहेर काढायची आणि वेगळ्या विजेवर चालवायची. कॅबिनेट उघडलं की आधी मोबाइलने फोटो काढा, कोणती वायर कुठे आहे, डिस्कच्या मागचा छोटा जम्पर (दोन पिना जोडणारी टोपी) कोणत्या जोडीवर आहे ते दिसेल असा. धूळ कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं नको. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, विशेषतः फाल्गुन-चैत्रात, अंगावरची स्थिर वीज सर्किटला पुरते. डिस्कला दोनच गोष्टी जोडलेल्या असतील : चाळीस पिनांची चपटी पट्टी आणि चार जाड पिनांची विजेची वायर. पट्टीच्या एका कडेला लाल रेघ असते, ती एक नंबरच्या पिनेची बाजू. पट्टी ओढून काढू नका, दोन्ही टोकांनी थोडी थोडी हलवत सोडवा.

सुट्या भागांच्या दुकानात 'यूएसबी टू आयडीई' अडॅप्टर मागा, आयडीई म्हणजे ती चाळीस पिनांची जुनी जोडणी. ज्याच्यासोबत स्वतःचा वीज अडॅप्टर येतो तोच घ्या. साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टही लागतात, आणि ते यूएसबीच्या तोंडातून मिळत नाहीत. जम्पर 'मास्टर'वर ठेवा. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, चालू असताना उचलू नका, आणि कॉम्प्युटर व अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर घ्या. मध्येच लाइट गेली तर हेड कुठे उतरेल याचा भरवसा नसतो.

हेडचं इतकं का सांगते? आतली चकती मिनिटाला हजारो फेरे फिरते आणि वाचणारं हेड तिच्यावर हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगतं, की सिगारेटच्या धुराचा कणही त्या फटीत मावत नाही. त्या वेळच्या बहुतेक डिस्कमध्ये वीज गेली की हेड चकतीवरच ठरलेल्या जागी उतरतं. वर्षानुवर्षं तिथे बसलं की कधी कधी चिकटतं. तुमचं चिकटलं नव्हतं. पण म्हणूनच जेवढ्या कमी वेळा चालू-बंद कराल तेवढं चांगलं. एकदा लावायची, नक्कल होईपर्यंत चालू ठेवायची, आणि मग कायमची बंद.

अडॅप्टर नेहमीच्या विंडोजला लावलात तर 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?' अशी खिडकी येण्याची शक्यता आहे. तिथे 'कॅन्सल'. ती खिडकी आली नाही तरी विंडोज न विचारता स्वतःचं एखादं फोल्डर त्या डिस्कवर तयार करतं. म्हणून मी हे काम पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या लिनक्सवर करते, आणि लावलेली डिस्क आपोआप उघडण्याची सोय आधी बंद करते. त्यात 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याची रीत मला आवडते, कारण जखमी माणसाशी वागावं तसं ते डिस्कशी वागतं. जिथून सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडेल तिथे हट्ट न धरता पुढे जातं, आणि कोणता तुकडा राहिला त्याची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये ठेवतं. मग राहिलेल्या तुकड्यांसाठी परत येतं. मध्येच थांबवलं तरी नकाशा असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. लिनक्स हाताळणारा कॉलेजातला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत घ्या, एका दुपारचं काम आहे. फक्त नक्कल कुठून कुठे जाते आहे, हे नाव दोघांनी मोठ्याने वाचल्याशिवाय एंटर दाबू नका. उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या वडिलांच्या डिस्कवर उतरेल.

नक्कल चालू असताना टक-टक सुरू झालं, तर वीज काढा आणि तिथेच थांबा. मग ते आपलं काम राहत नाही. धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत. त्या पैसे बरेच घेतात, पण ओव्यांची किंमत तुम्ही ठरवायची. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, घरीच झाकण उघडून बघा, असे सल्ले तुम्हाला मिळतील. फ्रीजरमधून काढल्यावर चकतीवर दव धरतं, आणि घरी झाकण उघडलं की वर सांगितलेल्या त्या फटीत धूळ जाते. दोन्हींतून डिस्क परत येत नाही.

नक्कल हातात आली की मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि आता निवांत शोधा. फक्त 'माय डॉक्युमेंट्स' बघून थांबू नका. त्या काळात माणसं फाइल कुठेही ठेवायची, थेट सी ड्राइव्हच्या मुळात, पानं मांडायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये, मराठी सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये. छापखानेवाले तर गिऱ्हाइकाच्या नावाचं फोल्डर करायचे. मी स्वतः डीटीपीला होते तेव्हा माझ्या आईच्या पाककृती एका ज्वेलर्सच्या फोल्डरमध्ये होत्या, कारण त्या दिवशी ते उघडं होतं.

पुसलेल्या फायलींबाबतही तुमची बाजू बळकट आहे. विंडोज ९५ फायलींची नोंद फॅट नावाच्या पद्धतीने ठेवतं, तिच्यात फाइल पुसली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं आणि जागा 'रिकामी' म्हणून मांडली जाते, मजकूर तिथेच असतो. त्यात तुमची डिस्क अख्खी एकच सी ड्राइव्ह असेल, तर एवढ्या मोठ्या फॅट १६ पार्टिशनमध्ये जागा ३२ केबीच्या तुकड्यांनी दिली जाते. दहा-वीस ओव्यांची छोटी फाइल अशा एकाच तुकड्यात मावते, म्हणजे ती डिस्कभर विखुरलेली नसते. सापडली तर सलग सापडेल. पुसलेल्या फायली शोधणारे 'टेस्टडिस्क' आणि त्याचा जोडीदार 'फोटोरेक', दोन्ही मोफत, नकलेवर चालवा.

इथवर सगळं जमलं की पुष्कळ जण हुश्श करतात आणि फाइल उघडतात. समोर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उद्गारचिन्हं यांची खिचडी. मग मला फोन येतो, "ताई, सगळं करप्ट झालंय." आणि काही जण फोन न करता ती फाइल फेकून देतात. माझ्या अनुभवात मराठी घरांतला मजकूर डिस्क बिघडून जेवढा गेला, त्याहून जास्त या गैरसमजाने गेला. म्हणून हे जरा बैजवार सांगते.

विंडोज ९५ला देवनागरी येत नव्हती. विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली, मंगल फॉन्ट तेव्हाचा. त्याआधी श्री-लिपी, आकृती, पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरनी वाट काढली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर त्यांनी मराठी अक्षरांचे आकार बसवले. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त चेहरा मराठी. आणि आकार म्हणजे अख्खी अक्षरंही नव्हेत, बरेचदा तुकडे. कित्येक फॉन्टांत 'भ' किंवा 'ण' म्हणजे अर्धं अक्षर आणि काना अशा दोन कळा. छापखान्यात खिळे जुळवलेल्या वडिलांना ही रीत परकी वाटली नसेल. अडचण ही, की प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीच्या जागेवर 'क' तर दुसरीच्या त्याच जागेवर 'ळ'. तो फॉन्ट नाहीसा झाला की चेहरा गेला, आत फक्त इंग्रजी उरलं. मजकूर मात्र शाबूत असतो, एक अक्षरही हललेलं नसतं.

म्हणून ओव्यांच्या फायलींइतकंच महत्त्वाचं, नकलेतून विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर अख्खं उचला. आणि सी ड्राइव्हमध्ये 'पीएसफॉन्ट्स' नावाचं फोल्डर आहे का बघा. पेजमेकरवर काम करणारे छापखाने अडोबी टाइप मॅनेजर वापरायचे, त्याचे फॉन्ट तिथे असतात. साखर पेठेतला छापखाना म्हणजे त्यात तेलुगू आणि कन्नड फॉन्टही असतील, पत्रिका तिन्ही भाषांत लागायच्या. तेही टाकू नका, दुसऱ्या कुणाच्या घरातल्या फायलींना ते लागतील. मराठी सॉफ्टवेअरचं फोल्डर, आणि कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या तोंडाला काडेपेटीएवढं एखादं लॉक लावलेलं असेल तर ते जपून ठेवा. त्या लॉकशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात सगळ्यात आधी तेच जातं.

आता आजच्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट टाका आणि फाइल लिबरऑफिसमध्ये उघडा. वर्डच्या इतक्या जुन्या फायली आताचं वर्ड बरेचदा अडवतं, लिबरऑफिस उघडतं. पेजमेकरची फाइल असेल तर तीही ते उघडून बघतं, किंवा कुणाकडे इनडिझाइन सीएस ६ असेल तर त्यात पेजमेकर ६ पासूनच्या फायली येतात. मजकूर खिचडीसारखा दिसला तरी वर फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल, सुरेख, योगेश किंवा श्री-लिपीचं एखादं. ते नाव टिपून ठेवा, सगळी गुरुकिल्ली त्यात आहे. फॉन्ट बसला की मराठी उमटेल. उमटताक्षणी, दुसरं काही करायच्या आधी, पीडीएफ करून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी वडिलांनी पान कसं मांडलं होतं ते त्यात राहील. 'पीएसफॉन्ट्स'मधले जुने टाइप वन फॉन्ट मात्र नवी सॉफ्टवेअर घेत नाहीत. तसं निघालं तर ८६बॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करतो. त्याला तुमच्या इमेजची एक वेगळी प्रत द्या आणि लेबलवरचे तेच ४०९२, १६, ६३ आकडे घाला. जुळलं तर वडिलांचा विंडोज ९५ त्यांच्या आयकॉनांसकट तुमच्या लॅपटॉपच्या एका खिडकीत सुरू होईल. जुन्या हार्डवेअरशी जुळवून घ्यायला थोडी खटपट पडते, पण मी हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा घरची माणसं पडद्यापुढे बराच वेळ काही न बोलता बसली होती.

त्यानंतर युनिकोड, म्हणजे आजचे कॉम्प्युटर आणि मोबाइल ओळखतात ती अक्षरांची एकच मांडणी. त्या त्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. फॉन्टच्या नावाप्रमाणे कन्व्हर्टर निवडा आणि आधी एकाच पानावर चालवा. कुठे चुकतं ते मी सांगून ठेवते. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं उलट : जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे 'दळिते'तली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, 'मूर्ती'तला रफार भलत्याच डोक्यावर बसतो. 'वाऱ्या', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र हमखास मोडतो. द्य, द्ध, ह्य, श्र ही जोडाक्षरं एकेक करून तपासा.

आणि हे मनापासून सांगते : स्पेलचेक बंद ठेवा. आजी 'पानी' म्हणाली असेल आणि वडिलांनी 'पानी' टाइप केलं असेल, तर ते 'पाणी' करू नका. 'म्हनं' असेल तर 'म्हणे' करू नका. वडील छापखानेवाले होते, शुद्धलेखन त्यांच्या हाताखालून रोज जायचं. तरीही त्यांनी 'न' ठेवला असेल, तर तो कान देऊन ठेवलाय. कन्व्हर्टरची चूक कोणती आणि आजीचा उच्चार कोणता, हे मशीनला कळत नाही. छापखान्यात प्रूफ मिळवायचे तसं करा : एकाने पीडीएफ बघत मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने युनिकोडवर बोट ठेवायचं. घरात आत्या किंवा मावशी असेल, जिने जातं ओढलंय, तर तिलाच म्हणायला बसवा. ओवी वाचताना अडखळली, पण म्हणताना जुळली, तर टाइप केलेलं बरोबर आहे. तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही करून घ्या, ते कोणत्याच डिस्कवर नव्हतं.

शेवटी इमेज, फॉन्ट, पीडीएफ आणि साधी टेक्स्ट फाइल या सगळ्याच्या तीन प्रती करा, आणि त्यातली एक भावाच्या घरी. ओव्या उमटल्या की मला कळवा. पहिली कोणती निघाली, ते ऐकायचंय.

प्रश्न : जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय. त्यात बँकेची कागदपत्रं होती, मी फॉरमॅट केलंय. पुरेसं आहे ना?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. वरचं उत्तर वाचलंत तर कारण कळेल, क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. एक्सपी आणि त्याआधीच्या विंडोजमध्ये तर पूर्ण फॉरमॅटही मजकुरावर काही लिहीत नसे. व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट शून्यं भरतं, तेव्हा ती डिस्क आजच्या विंडोजला जोडून 'क्विक'ची खूण काढून फॉरमॅट करा. ते जमत नसेल तर डिस्क काढून घ्या आणि लेथवाल्याकडून चकतीच्या आरपार दोन-तीन भोकं पाडून घ्या. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा, त्यात कुणाचं काही होतं का.

प्रश्न : माझे सासरे चादरीच्या कारखान्यात जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, डिझायनर होते. त्यांच्या ट्रंकेत साडेतीन इंची चाळीसेक फ्लॉप्या आहेत, काही मोठ्या सव्वापाच इंची, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचे गठ्ठे. फ्लॉप्यांवर डिझाइनं आहेत म्हणतात. पुठ्ठे जागा खातात, ते टाकून फ्लॉप्या तेवढ्या ठेवू का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : पुठ्ठे टाकू नका! मी तर उलट सांगेन, दोन्हींतलं एकच वाचवायचं असेल तर पुठ्ठे वाचवा. ज्याच्या नावावरून जॅकार्ड आलं त्या जाकारने हे यंत्र १८०४च्या सुमाराला फ्रान्समध्ये तयार केलं, तेव्हापासून रीत तीच. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अख्खी नक्षी त्या भोकांत डोळ्यांना दिसते, वाचायला वीजही लागत नाही आणि सॉफ्टवेअरही.

फ्लॉपीचं तसं नाही. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं आणि तिची चुंबकी पूड वर्षांगणिक कमजोर होते. घालण्याआधी धातूचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात बघा. पांढरे-करडे डाग दिसले तर ती बुरशी. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं हेड माखेल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा पडेल. चांगल्या दिसतात त्यांची कोपऱ्यातली छोटी खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने प्रत्येकीची इमेज घ्या. सव्वापाच इंचीला तो चालत नाही, तिला जुना ड्राइव्ह आणि 'ग्रीझवीझल'सारखं खास कार्ड लागतं. ते नंतर बघू, तोवर त्या चुंबकापासून आणि उन्हापासून लांब ठेवा.

डिझाइनच्या फायली उघडल्या तर त्या जेपेगमध्ये सेव्ह करू नका. अशा फाइलमध्ये बहुधा एक ठिपका म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट असते, आणि जेपेग शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळतं. मोराच्या पिसाऱ्याची कड मग विणता येत नाही. बीएमपी किंवा पीएनजी चालेल.

आणि पुठ्ठ्यांचे फोटो काढताना गठ्ठ्याची दोरी सोडू नका. पुठ्ठे त्या दोरीत क्रमाने ओवलेले असतात. घडी उलगडत जा, प्रत्येकावर हाताने लिहिलेला नंबर फोटोत येऊ द्या, आणि मागे पांढरी चादर लावा म्हणजे भोकं स्वच्छ दिसतील. सासऱ्यांच्या हातची असली तर फारच उत्तम.